उजवीकडची खिडकी

मुलांनो, मोप्याच्या नव्या विमानतळावर उतरताना कुठल्या बाजूची खिडकी घेऊ, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. हे ज्यांना विचारायचं, ते आता नाहीत. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

गोवा घटकराज्य झालं त्या सुमारास मी डिचोलीत, विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका लहानशा ऑफिसात टायपिंग करायचे. तिथे तिकिटं लिहायचे ते हेच. गिऱ्हाईक बसलं की भिंतीवरचा नकाशा टेबलावर यायचा आणि त्यावर काड्यापेटी. ती मुंबईकडे सरकवत ते म्हणायचे, "हें तुमचें विमान. वतना उजवी बाजू, येतना दावी. पंखाच्या फाटल्यान बसा, ना जाल्यार पंखच पळयत रावतले. आनी सकाळचें नाका, सूर्य दोळ्यांत येता." जाताना उजवी, येताना डावी, म्हणजे जमीन दिसते; आणि पंखाच्या मागे, नाहीतर पंखच बघत बसाल.

स्वतः ते कधीच विमानात बसले नव्हते. एका व्यापाऱ्याने एकदा चिडवलं, "न बसतां इतकें कळटा तुका?"

"तुमी बसतात न्हय? परतून सांगात. ताचेर म्हजें चलता."

परतलेल्या प्रत्येकाला ते विचारायचे, "सुर्ल्याची तळी दिसली?"

सुर्ल्याला त्यांचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग होती, तिच्या कडेला झऱ्याची तळी. शेजारची लोखंडाची खाण वाढत गेली, घर सोडावं लागलं. तळीकडची वाट खाणीच्या मातीच्या ढिगाखाली गेली आणि फाटकावरचा रखवालदार आत सोडेना. घरी अंथरुणाला खिळलेली त्यांची आई रोज विचारायची, "तळी आसा मरे?" तळी अजून आहे की नाही, हे वरून पाहणाऱ्याशिवाय सांगणार कोण? पण लोक म्हणायचे, झोप लागली. ढग होते. लक्षात नाही राहिलं.

मग मुंबईला बहिणीकडे जायची वेळ माझ्यावर आली. दुपारचं विमान, उजवी बाजू, पंखाच्या मागे. त्यांनी सांगितलेली जागा इतकी अचूक होती, की आपण भलतंच पाहिलं असं मनाला समजावताही येईना. पायऱ्यापायऱ्यांचे लाल खड्डे. आणि तळीच्या जागी सपाट, सुकलेला लाल चिखल.

परतले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाय, दिसली?"

"दिसली," मी म्हटलं. "उन्हात चकाकत होती."

भर कामाच्या वेळी ते चपला घालून घरी गेले. त्याच महिन्यात आई वारली. त्यानंतर त्यांनी तळीबद्दल कुणालाच विचारलं नाही. काड्यापेटी मात्र चालूच राहिली.

काही वर्षांनी त्यांची छाती बिघडली. डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. त्यांचं तिकीट मी लिहिलं. "काउंटरवर उजवीकडची मागून घ्या," मी म्हटलं.

"नाका बाय. म्हाका दर्याकडची जाय."

"समुद्राकडची का हो?"

"तुमी दिसली म्हणून सांगलां, आवय सुखान गेली. आतां हांवें कित्याक पळोवंचें?"

आई सुखाने गेली, आता आपण कशाला पाहायचं, हे बोलताना ते माझ्याकडेच बघत होते. मी टाइपरायटरमध्ये कागद चढवायला गेले. तो आधीच चढवलेला होता.

ते मुंबईतच वारले. परतीचं तिकीट त्यांच्या शर्टाच्या खिशात सापडलं.

मोप्याची बाजू मला सांगता येत नाही, मुलांनो. सुर्ल्याची तळी नाही. नकाशा माझ्या कपाटात आहे, आणि त्यावर त्यांनी निळ्या पेन्सिलीने काढलेलं तळीचं टिंब अजून आहे.