कुडलाकाची साक्ष

इस्त्रिया प्रांतातल्या एका डोंगरगावात एखादं मूल डोक्यावर गर्भवेष्टनाचा पातळ पडदा घेऊन जन्मलं, की सुईणीने उंबऱ्याबाहेर येऊन गावाला ऐकू जाईल असं ओरडायचं: क्रस्निक जन्मला, गावाचा रक्षक जन्मला. कुणी ओरडलं नाही, तर ते मूल कुडलाक ठरे. गुरांचं दूध आटवणारं, गारा आणणारं, मेल्यावरही उठून येणारं. मिकुला तसा पडदा घेऊन जन्मला त्या दिवशी बोरा हा डोंगरावरचा गार वारा असा सुटला होता, की सुईणीने दार उघडलंच नाही. एवढंच झालं होतं.

पुढचं सगळं गावाने केलं. कुणाची गाय आटली, नाव मिकुलाचं. द्राक्षांवर गारा पडल्या, नाव मिकुलाचं. नसता आळ नको म्हणून तो तिन्हीसांजेला घराबाहेर पडेना, तर लोक म्हणाले, तेव्हाच याचा जीव अंग सोडून हिंडतो. पोरं दगड मारायची. एकदा वैतागून तो त्यांच्यावर गुरगुरला आणि पोरं पळाली. लोकांना हवं ते दिलं की ते लवकर घरी जातात, हे त्याला तेव्हा उमगलं. पुढे गुरगुरणं अंगवळणी पडलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसत नसे. दगडी कुंपण मात्र त्याच्यासारखं कुणाला रचता येत नसे, म्हणून कामापुरतं बोलावणं येई.

असाच एका हिवाळ्यात तो तोनिनाच्या अंगणाचं कुंपण दुरुस्त करत होता. आत तिची सून रोझा बाळंत होत होती. दुपारी तोनिना बाहेर आली, तिचा चेहरा पांढराफटक. मुलगी झाली होती आणि डोक्यावर पडदा होता. तोनिनाने सुईणीला गप्प राहण्याची शपथ घातली होती. पडदा चुलीत टाकायचा, विषय संपला.

मिकुलाने हातातला दगड खाली ठेवला. “असं लपत नसतं, तोनिना. सुईणीला उंबऱ्यावर पाठव.”

“तिला मी दोन कोंबड्या दिल्यात, हे गावाला ठाऊक आहे. म्हणतील, कोंबड्या बोलल्या. मी ओरडले तर म्हणतील, आजी नातीचं झाकतेय. आणि तू कोण रे मला शिकवणारा? तू तर...” ती अडखळली.

“बोल की. कुडलाक. माझ्या वेळीही दार बंदच होतं.”

मिकुलाने वाऱ्याकडे तोंड केलं. सुईणीचा शब्द विकत घेतलेला, आजीचा मायेचा. पण क्रस्निकला कुडलाकच घाबरला, तर त्या भीतीवर कोण शंका घेणार?

त्याने नुकतंच रचलेलं कुंपण लाथेने ढासळवलं आणि गल्लीच्या मधोमध धावत सुटला. क्रस्निक जन्मली, तोनिनाच्या घरी, मला वाट द्या, असं तो ओरडत होता. खानावळीतली माणसं पत्ते टाकून बाहेर आली. संध्याकाळपर्यंत अंडी आणि वाइन घेऊन सगळं गाव तोनिनाच्या दारात. मिकुला कुडलाक असण्याबद्दल ज्यांना थोडी शंका होती, त्यांचीही त्या दिवशी फिटली.

तोनिनाने ते ढासळलेलं कुंपण तसंच ठेवलं.

नात लूत्सिया बसण्याजोगी झाली, तेव्हा गावातल्या बायकांनीच ठरवलं, की चर्चमध्ये तिला मिकुलाशेजारी बसवायचं, म्हणजे तो काबूत राहील. पहिल्याच रविवारी प्रवचन चालू असताना ती त्याच्या दंडाला टेकून झोपली. हाताला मुंग्या आल्या, तरी तो हलला नाही.

“बघितलंस?” मागच्या बाकावरची एक जण कुजबुजली. “पोरीने कसा जखडून टाकलाय.”

तोनिनाने ते ऐकलं आणि मान खाली घातली.