ताईची पहिलारू

जनावराजवळ गेली की ताई आधी डोळे मिटायची. मग पंजा त्याच्या बरगड्यांवर सपाट ठेवून हळूहळू मागे कमरेपर्यंत न्यायची. मध्ये कुणी काही विचारलं तर म्हणायची, "थांब. हातानं बघतेय."

तिचं म्हणणं असं, की थंडीत गायीच्या अंगावर दाट केस येतात आणि डोळे फसतात. वरून गुबगुबीत दिसणारी गाय हाताला नुसती हाडं लागते.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी नॉर्थ कॅरोलिनात, कॅरी गावाजवळ एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी पुण्याची, स्टॅटिस्टिक्स शिकायला आलेली. ती मराठवाड्यातली, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, गुरांची डॉक्टर होऊन आता गुरांच्या आहारावर पीएचडी करणारी. ओळखीची सगळी मराठी मुलं तिला ताईच म्हणत. तिला ड्रायव्हिंग येत नव्हतं आणि माझ्याकडे एक जुनी गाडी होती, म्हणून तिला युनिव्हर्सिटीच्या फार्मवर नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या घरी सणासुदीला गायीचा नैवेद्य वेगळा निघायचा. पण गायीला मी जन्मात कधी हात लावला नव्हता. हे ऐकून ताई खूप वेळ हसली होती.

फार्मवरचा कळप मांसासाठी पाळलेला. तिथे दूध कुणी काढत नसे, ते सगळं वासराचं. गाय दर वर्षी वासरू देत राहिली तर कळपात राहते. नाही तर विकली जाते, आणि ती कुठे जाते हे तुम्हाला सांगायला नको.

मार्चमधल्या एका शनिवारी ताईचा हात बहात्तर नंबरच्या गायीवर थांबला. काळी, दोन वर्षांची, नुकतीच पहिल्यांदा व्यायलेली. ताई अशा गायीला पहिलारू म्हणायची. वासरू मस्त गोल होतं, कारण आईच्या अंगातलं होतं नव्हतं ते सगळं त्याच्या पोटात जात होतं.

"हिला किती मार्क देशील?" ताईनं फार्मच्या मॅनेजरला विचारलं. तिथे गायीच्या अंगावरच्या मांसाला नऊपैकी मार्क देतात.

मॅनेजर साठीचा, उंच, मोजकं बोलणारा माणूस. "चार," तो म्हणाला.

"तीन," ताई म्हणाली. "हात लावून बघ."

त्यानं हात लावला नाही. "तीन तर तीन. मे महिन्यात वळू सोडणार. ही काही गाभण राहत नाही. विकायच्या यादीत टाकलीय."

"हिचं काही बिघडलेलं नाही. हिला खायला मिळत नाही, एवढंच."

मग तिनं त्याला गव्हाणीकडे नेलं. चारा पडला की थोराड गायी पुढे घुसत. बहात्तर नंबर दोनदा पुढे आली, दोन्ही वेळा ढुशी खाऊन मागे सरकली आणि लांब जाऊन उभी राहिली. मॅनेजरनं ते पाहिलं.

"वळू बाहेर काढेपर्यंत तुझी," तो म्हणाला. "तोवर गाभण नाही राहिली तर विकणार."

तुम्हाला वाटेल, गायीला खायला घालणं यात काय मोठं? मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच दिवशी मी बादली भरून खुराक घेऊन निघाले, तर ताईनं अर्धी बादली परत ओतायला लावली. "सावकाश. भुकेल्या पोटात एकदम ओतायचं नसतं. पोट बिघडलं तर आहे तेही जाईल."

तिनं आधी बहात्तर नंबरला आणि अशाच दुसऱ्या तीन पहिलारूंना मोठ्या गायींपासून वेगळ्या कुंपणात घेतलं. दात तपासले, जंताचं औषध दिलं, गवताच्या गंजींतून कोवळ्या पानांची गंजी निवडून काढली. खुराक दर दोन-तीन दिवसांनी मूठमूठ वाढवला. खुराकासाठी गोदामात गेलो तेव्हा एका कोपऱ्यात कापसाच्या बियांचा ढीग होता. ताईनं ओंजळ भरून वास घेतला. "अगं, सरकी! इथंही सरकी!" माहेरचं माणूस भेटावं तसा तिचा चेहरा झाला.

दर शनिवारी मी तिनं सांगितलेला आकडा वहीत लिहायची. एप्रिल संपला तरी आकडा जेमतेम साडेतीन. मी माझं शिक्षण पाजळलं. "ताई, एका गायीवरून काही सिद्ध होत नाही."

"सिद्ध कुणाला करायचंय? तिला उभी करायचीय."

मेच्या सुरुवातीला तिनं निर्णय घेतला की वासरू तोडायचं, म्हणजे आईपासून वेगळं करायचं. अडीच महिन्यांचं वासरू, म्हणजे नेहमीपेक्षा बरंच लवकर. पण दूध आटल्याशिवाय गायीच्या अंगाला काही लागणार नव्हतं. वासराला वेगळा कोठा, वेगळा खुराक. तीन दिवस मायलेकरं हंबरत होती. मला ते ऐकवेना. गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "यार ताई, किती क्रूर आहेस तू."

ती बाहेरच्या लाल मातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझे आजोबा गावातली मेलेली गुरं ओढायचे. त्यांच्या जातीचं कामच ते. वडिलांनी ते सोडलं, मास्तर झाले. मी गुरांची डॉक्टर व्हायचं म्हणाले तेव्हा वडील चार दिवस बोलले नाहीत. ज्यातून तुला बाहेर काढलं त्यातच परत चाललीस, म्हणाले."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बाबा, मी जिवंत गुरांकडे चाललेय. त्यांना अजून पटलेलं नाही." मग ती माझ्याकडे वळली. "ती गाय तीन दिवस रडेल. विकली गेली तर रडायलाही उरणार नाही."

त्यानंतर मी तिला क्रूर म्हटलं नाही.

त्याच महिन्यात कॅरीतल्या एका घरी मराठी मंडळींचं पॉटलक होतं. एका काकांनी ताईला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"गाय जाड करते."

"त्यासाठी एवढ्या लांब अमेरिकेत?"

"हो ना काका. तिकडे कुणी मला त्यांच्या गोठ्यात घेईना," ताई शांतपणे म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

पहिलारूंच्या कुंपणातही वळू सोडला, पण महिनाभर काहीच घडलं नाही. मग जूनमधल्या एका सकाळी मी गाडीत पुस्तक वाचत बसले होते, आणि ताई गमबूट घालून चिखलातून धावत आली. काच ठोठावून म्हणाली, "माजावर आली! बहात्तर माजावर आली!" म्हणजे आता ती गाभण राहू शकणार होती. मी उतरून पाहिलं. काळ्या पाठीवर ऊन चमकत होतं. तिच्या बरगड्या मला शोधूनही सापडेनात. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या गायीच्या अंगावरून हात फिरवला. ऊबदार होती आणि भरीव. वहीत मी साडेपाच लिहिले.

सप्टेंबरमध्ये गुरांचे डॉक्टर गायी गाभण आहेत का ते तपासायला आले. एकेक गाय अरुंद वाटेतून पुढे यायची, डॉक्टर खांद्यापर्यंत हातमोजा घातलेला हात आत घालायचे आणि निकाल सांगायचे. बहात्तर आली. ताई कुंपणाची दांडी धरून उभी होती. डॉक्टरांना जरा जास्तच वेळ लागतोय असं मला वाटलं.

"गाभण," ते म्हणाले. "तीन महिने झालेत."

मॅनेजरनं खिशातून यादी काढली. बहात्तरवर रेघ मारली, पेन्सिल ताईपुढे धरली आणि विचारलं, "पुढच्या वर्षीच्या पहिलारूही वेगळ्या ठेवायच्या?"

"सगळ्या," ताई म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. त्यानं आधी स्वतःची टोपी काढली, मग तिच्याशी हात मिळवला.

रविवारी ताईनं घरी फोन लावला. नेहमीसारखं "जय भीम, बाबा" झालं. एरवी ती गायीचं काही सांगायला लागली तरी पलीकडून अभ्यास, तब्येत, थंडी, एवढंच विचारलं जायचं. त्या दिवशी तिनं मध्येच रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून कुजबुजली, "बाबा विचारतायत, गाय कशी आहे."

पुढचं मी ऐकलं नाही. चहा करायला आत गेले. पण ती अर्धा तास बोलत होती, आणि मूठमूठ खुराक कसा वाढवला ते वडिलांना पहिल्यापासून सांगत होती.

बहात्तर नंबर पुढच्या वसंतात व्याली, कुणाच्या मदतीशिवाय. ताईची पीएचडी झाली, पश्चिमेकडच्या एका मोठ्या फार्मवर नोकरी लागली. विमानतळावर जाताना तिनं गाडी फार्मकडे वळवायला लावली. बहात्तर नंबर कुरणाच्या मधोमध वासरासकट चरत होती. ताई कुंपणाशी उभी राहून तिला हाका मारू लागली. मी गाडीचा हॉर्न वाजवला. कळपातल्या सगळ्या गायींनी माना वर करून आमच्याकडे पाहिलं. फक्त बहात्तर नंबरनं पाहिलं नाही. ती खात राहिली.

"बघितलंस?" ताई म्हणाली, आणि खूश होऊन गाडीत येऊन बसली.