नेनेकाकांच्या फिल्टरांची पिशवी

छत्तीसचा रोल असायचा. त्यातले दोन फोटो दाखवण्यासारखे यायचे आणि उरलेल्या चौतीसांचे किस्से व्हायचे. आमच्या डोंबिवलीच्या फोटो मंडळात पंधरा वर्षं काढली, माझ्याकडे अल्बम एकच आहे, किस्से मात्र ठेवायला जागा नाही. त्यातले निम्मे एकट्या नेनेकाकांचे.

नेनेकाका बँकेत होते. माणूस साधा, पण फिल्टरचं भारी वेड. लेन्सवर एखादी काच फिरवून बसवली की निसर्ग सुधारतो, अशी त्यांची श्रद्धा. केशरी, लाल, धुकं पाडणारा, दिव्यांच्या चांदण्या करणारा, असे सगळे फिल्टर एका कापडी पिशवीत. स्वप्न एवढंच, की मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात आपलं एक निसर्गचित्र भिंतीवर लागावं. सहा वर्षं लागलं नाही. सातव्या वर्षी नेनेकाकूंनी जाहीर केलं, यंदाही नाही लागलं तर कॅमेरा भाच्याला देऊन टाकायचा. काकू बोलल्या की करायच्या!

*

पहिल्या वर्षीची गोष्ट. काकांनी भर दुपारी केशरी फिल्टर लावून मलंगगड टिपला. आभाळ असं काही पेटलं होतं की आम्हीही गार झालो. फोटो निवडायला ठाण्याचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर यायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकाजवळ नेला आणि खाली चरणाऱ्या शेळ्यांवर बोट ठेवलं.

“नेने, शेळ्यांच्या सावल्या पोटाखाली आहेत. संध्याकाळ फक्त आभाळातच झाली का?”

*

पुढच्या वर्षी काका खऱ्या संध्याकाळी गेले. फिल्टर तोच. रोल स्टेशनजवळच्या कलर लॅबमध्ये टाकला आणि चार दिवस हवेत तरंगत राहिले. पाकीट उघडलं तर प्रत्येक फोटोत सकाळचे दहा वाजलेले!

लॅबवाला काउंटरवर उभा राहून शाबासकीची वाट बघत होता. “काका, अख्खा रोल केशरी आलेला. मी म्हटलं काहीतरी घोळ झालाय. एकेक प्रिंट बसून साफ केली बघा, अर्धा दिवस गेला.”

इतक्या मायेने केलेल्या कामावर रागवायचं तरी कसं? काकांनी त्याला थँक्यू म्हटलं आणि बाहेर येऊन लागोपाठ दोन ग्लास उसाचा रस प्यायले.

*

मग आमचा विलास मदतीला धावला. तो कळव्याला फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये कामाला. त्याने वेल्डिंगच्या चष्म्याची हिरवट काळी काच आणली आणि रबराने लेन्सवर बांधली. एवढ्या काळ्या काचेतून उजेड यायला शटर दोन मिनिटं उघडं ठेवायचं, म्हणजे वाहतं पाणी दुधासारखं दिसतं, असा हिशेब. आम्ही कल्याणला उल्हास नदीवर गेलो. काका मोठ्याने एकशेवीसपर्यंत आकडे मोजायला लागले. चाळीसच्या सुमारास एक शेतकरी आला, कॅमेरा बघून थांबला, डोक्यावरची टोपी नीट केली, पंधरा आकडे ताठ उभा राहिला आणि समाधानाने निघून गेला.

पुढच्या रविवारी तो फोटोसाठी काठावर हजर. फोटोत नदी पालकाच्या भाजीसारखी हिरवीगार आणि ह्याचा पत्ताच नाही. त्याने फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

“मी हुबा होतू ना हितं?”

काकांनी प्रामाणिकपणे समजावलं, की दोन मिनिटांत जो थोडाच वेळ थांबतो तो फोटोत येत नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पाण्यात बसलेल्या म्हशीवर बोट ठेवलं. ती अगदी शिंगांसकट स्पष्ट आली होती.

“आनि ही काय तुमच्या वळखीची?”

*

एकदा काकांनी तीन फिल्टर एकावर एक चढवले आणि ते घट्ट बसले. आम्ही पाच जण झटून दमलो. काकूंनी लोणच्याची बरणी उघडावी तसा हिसका दिला. फिल्टर तसेच राहिले, लेन्स हातात आली.

*

आता शेवटचा, काकूंच्या मुदतीच्या वर्षाचा. काकांच्या मेहुण्याने मस्कतहून पोलरायझर पाठवला होता. ही काच फिरवली की पाण्यावरची चकाकी नाहीशी होते आणि खालचं दिसतं. सकाळी ओहोटीला आम्ही मोठागावच्या खाडीवर गेलो. चिखलात जागोजागी पाण्याची डबकी, त्यांत आभाळ चमकतंय. काकांनी ट्रायपॉड रोवला. एवढ्यात धर्मादादा नावाचे एक म्हातारे कोळी टोपली घेऊन आले आणि त्या काचेत काय दिसतं म्हणून विचारायला लागले. कुणी फिल्टरबद्दल विचारलं की काका विरघळायचे. त्यांनी पोलरायझर काढून दादांच्या हातात दिला आणि कसा फिरवायचा ते शिकवलं.

दादांनी काच डोळ्याला लावून पायाजवळच्या डबक्यात पाहिलं. हळूच फिरवली. मग वाकले आणि नांग्यांसकट ताटलीएवढी चिंबोरी बाहेर काढली.

त्यानंतर दादा थांबेचनात. एका डबक्यातून दुसऱ्याकडे, डोळ्याला काच, हातात टोपली. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मागे. चांगलं ऊन निघून चाललंय, फिल्टर द्या, अशी त्यांची विनवणी चालली होती. दादांनी मागे न बघता सांगितलं, की भरती पण येतेय. काकांचं तोंड बघवत नव्हतं, मला खरंच वाईट वाटलं. शेवटी काका परत आले, उघड्या लेन्समधूनच, डोळ्याला काच लावून डबक्यावर वाकलेल्या दादांचा एक फोटो काढला आणि गुपचूप पिशवी बांधली.

आमच्या मंडळात प्रत्येक फोटोमागे चिठ्ठी लावायचा दंडक होता: कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, फिल्टर कुठला. निवडीच्या दिवशी मास्तरांनी आधी चिठ्ठी वाचली, मग फोटो पाहिला. आम्ही सगळे भोवती उभे. काकू दाराशी.

“नेने, इथे पोलरायझर लिहिलंय. डबकी तर आरशासारखी चकाकतायत. कुणाला फसवताय?”

काकांनी फोटोतल्या दादांवर बोट ठेवलं.

“चकाकी मला दिसतेय, मास्तर. त्यांना नाही.”

मास्तरांनी फोटो पुन्हा एकदा नाकाजवळ नेला. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाले, “चार पिना दे.”