हात चालला की पाय? पनवेल ते उरण, एका घड्याळाच्या साक्षीने

गेल्या हिवाळ्यात कर्नाळ्याच्या अर्ध्या वाटेवर एका दगडावर मी दोन तास बसून होते. मांडीवर चार पिशव्या, पायाशी थर्मास आणि समोरच्या फांदीवर त्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेलं एक माकड. माझी मुलगी जुई जाता जाता म्हणाली होती, "आई, तू बस इथेच. पिशव्या सांभाळ." ती काही लागट बोलली नव्हती. मला खरंच दम लागला होता. पण ती आणि तिचा बाबा वळणाआड गेले आणि मला रडू आलं. पुढे कुठेही गेलं तरी आपण पिशव्या सांभाळणारी बाई होणार, असं वाटून गेलं.

म्हणून ते घड्याळ घेतलं. ऑफिसातली माझी मैत्रीण नसीम मूळची उरणची. तिचा भाऊ सलीम कुवेतला असतो. चार महिन्यांच्या सुट्टीवर येताना त्याने पावलं मोजणारी दोन घड्याळं आणली, एक नसीमला, एक मला. फोनमध्ये खाल्लेलं लिहायचं, चाललेलं घड्याळ मोजणार, आणि दोन्हीचा ताळमेळ घालून आज आणखी किती खाता येईल ते सांगणार. नसीम आणि मी दुपारी ऑफिसभोवती एकत्रच फेऱ्या मारायचो, डबाही एकत्रच खायचो. तीन महिन्यांत नसीमचं वजन चार किलोने उतरलं. माझा काटा मात्र जागचा हलला नाही. गंमत म्हणजे रोजची पावलं माझी जास्त! घड्याळ मला उठता बसता शाबासकी देत होतं.

"तुझं घड्याळ राजकारणात जाणार," नवरा म्हणाला. संदीपचे विनोद असेच असतात.

त्यातच नसीम म्हणाली, "चल उरणला माझ्या माहेरी, सायकलवर. शनिवारी जाऊ, रविवारी सकाळी द्रोणागिरी चढू आणि दुपारनंतर परत." मी हो म्हणून बसले. मनाशी ठरवलं, या वेळी गडाच्या माथ्यावर पोचले नाही तर घड्याळ जुईला देऊन टाकायचं आणि हा सगळा नाद सोडायचा. संदीपने मोठ्या मनाने सांगितलं, "अर्ध्या रस्त्यात फोन कर, गाडी घेऊन येतो." तो फोन करायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं.

शनिवारी पहाटे उठून घरच्यांसाठी दहा भाकऱ्या करून ठेवल्या. संदीपचे आईवडील अलिबागकडचे, त्यामुळे आमच्याकडे रोज तांदळाची भाकरीच लागते. सहाला निघताना मनगटावर पाहिलं तर अठराशे पावलं आधीच झालेली. दिवसाची सुरुवात दणक्यात झाली म्हणून मी खूश.

आता रस्त्याबद्दल, कारण जायचा विचार करणाऱ्यांना तेच हवं असतं. पनवेल ते उरण आमच्या दारापासून साधारण तीस किलोमीटर. चढ म्हणजे फक्त उड्डाणपूल, पण कंटेनरचे ट्रेलर भरपूर. सहाच्या आत निघा, मागचा लाल दिवा चालू ठेवा, रस्त्याच्या कडेची पट्टी सोडू नका आणि ट्रेलरशी शर्यत लावू नका. कडेला बारीक खडी साचलेली असते, तिथे ब्रेक जोरात दाबला की आडवे झालातच समजा. पंक्चरचं सामान बरोबर हवंच. आधी महिनाभर मी सराव म्हणून जवळच्या कोन गावापर्यंत जाऊन यायचे, त्याचा फार उपयोग झाला.

गव्हाणजवळ पहिला थांबा. टपरीवर एक मावशी पोहे करत होत्या. पोहे तीस रुपये, चहा पंधरा, आणि वर ओलं खोबरं हात न आखडता. आमच्या सायकलींकडे त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमी पनवेलशी सायकलीवर आल्या? गाडी नाय मिळाली?"

"व्यायाम म्हणून आलो, मावशी."

"आमच्याकडं या ना मंग. पाटीभर मासली डोक्यावर घेऊन बाजारात बसा. व्यायामच हाय तो!"

मी हसत फोनमध्ये 'पोहे, एक बशी' असं लिहिलं. मावशींनी न विचारता आणखी एक डाव वाढला. तो कसा लिहायचा ते फोनला विचारूनही कळेना, म्हणून तसाच खाल्ला.

जासईच्या पुढे दोन्ही बाजूंना कंटेनरच्या थप्प्या. निळे, तांबडे, गंजके, घरांपेक्षा उंच. ट्रेलर रांगेत उभे, ड्रायव्हर चाकांच्या सावलीत स्टोव्ह पेटवून डाळ शिजवतायत. एकाने हात हलवून ओरडून विचारलं, "दीदी, कहाँ तक?" नसीमने ओरडून सांगितलं, "मायके!" त्या रांगेतून हसण्याची एक लाटच गेली. माझ्या मांड्या भरून आल्या होत्या, पण इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

साडेनऊला उरण. नसीमच्या दारात सायकल टेकवली आणि मोठ्या अपेक्षेने घड्याळ पाहिलं. तीस किलोमीटर! आणि आकडा होता दोन हजार शंभर. म्हणजे घरून निघाल्यापासून फक्त तीनशे, तीही बहुतेक टपरीभोवतीची. सायकलसाठी वेगळं बटण दाबायचं असतं, हे मला नसीमने तेव्हा सांगितलं. हँडलवर हात स्थिर असला की या घड्याळाच्या लेखी आपण झोपलेलो असतो. मी इतकी चिडले की पट्टा काढून फेकणारच होते.

नसीमच्या आईने, म्हणजे अम्मींनी, मला खुर्चीत दाबून बसवलं. "माशाल्ला, इतक्या लांबून सायकलवर! आधी पाणी पी, मग त्या मशीनशी भांडत बस."

दुपारी बोंबलाचं कालवण, सुका जवळा आणि भात. मी वाटी मागितली, मोजून घ्यायला. अम्मींनी वाटी दिली, ती कालवणाने काठोकाठ भरून, आणि म्हणाल्या, "घे, मोज." संध्याकाळी बाजारात आणि समुद्रावर पायी हिंडलो. किनाऱ्यावर वारा छान होता, भेळ चाळीस रुपये, आणि ती दोघींत एक. परतलो तेव्हा घड्याळात सहा हजार पाचशे. माझं रोजचं उद्दिष्ट आठ हजार. आज ते काही होत नाही, म्हणून मी सोडून दिलं.

स्वयंपाकघरात अम्मी भाकऱ्यांना बसल्या होत्या. सात माणसांचं जेवण. मी म्हटलं, द्या इकडे, मला रोजची सवय आहे. पाटावर बसले, परात पुढे ओढली. उकड सुरेख मळलेली होती, पीठ हाताखाली रेशमासारखं फिरत होतं. अम्मी तव्याशी, मी परातीशी. बाहेरून भुकेल्यांचा आवाज वाढला तशा अम्मी म्हणाल्या, "हात चालव गं पोरी, हात चालव!"

मी हात चालवला. दहावी भाकरी थापताना मनगट थरथरलं आणि घड्याळावर रंगीत फटाके फुटले.

दारात उभा असलेला सलीम वाकून वाचायला लागला. "ताई, मुबारक! आठ हजार पावलं पूर्ण!" मग त्याने माझ्याकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं. "पण तुम्ही चाललात कुठे?"

अम्मींनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. तव्यावरची भाकरी फुगत होती.

"मी हात चालव म्हटलं," अम्मी सावकाश म्हणाल्या, "त्याला वाटलं पाय चालतायत."

सलीमने लगेच परीक्षाच घेतली. आकडा वाचला, मला एक भाकरी थापायला लावली, पुन्हा आकडा वाचला. एकशे बावन्न पावलं! नसीम भिंतीला टेकून इतकी हसली की तिला ठसका लागला. डाव्या हातात माझ्या हिरव्या बांगड्या असतात, तिथे पट्टा रुतायचा, म्हणून पहिल्या दिवसापासून मी तो उजव्या हाताला बांधला होता. थापायचा हातही तोच. नसीम डाव्या हातात बांधते, आणि तिच्या घरी भाकऱ्या तिची सासू करते.

मलाही हसू येत होतं, पण डोळ्यात पाणीही आलं. तीन महिने रोज आठ भाकऱ्या. म्हणजे बाराशे पावलं बसल्या जागी, उभ्याने थापल्या तरी तेवढीच. त्या पावलांच्या जोरावर घड्याळ रात्री सांगायचं की अजून खायला वाव आहे, आणि मी विश्वासाने आणखी एक भाकरी तूप लावून खायचे. ज्या भाकरीने पावलं दिली तीच मी पावलांचं बक्षीस म्हणून खात होते. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. मला कांकणापायीच आरसा लागला. पण खरं सांगू? मला फार मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. तीन महिने मी आरशासमोर स्वतःला दोष देत होते, माझ्या शरीरातच काहीतरी खोट आहे म्हणत होते. शरीर बिचारं सरळ होतं.

"मी परत घेऊन जाऊ का ते?" सलीम ओशाळून म्हणाला.

"घड्याळाची चूक नाही रे," अम्मी म्हणाल्या. "बाईचा हात इतका चालतो हे ते बनवणाऱ्याला कुणी सांगितलंच नसेल." त्यांनी पट्टा माझ्या मनगटावरून सोडवला आणि मिठाच्या बरणीच्या झाकणावर ठेवला. "भाकरी झाली की घाल."

त्या रात्री मी दीड भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी नसीमच्या ताटात टाकली. अम्मींनी पाहिलं आणि काही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या घरात हा मोठाच सन्मान आहे, असं नसीम म्हणते.

रविवारी सहा वाजता घड्याळात शून्याच्या आसपास आकडा होता. आदल्या दिवशी याच वेळी अठराशे होते. द्रोणागिरीच्या पायथ्याशी सलीमने सामान खाली ठेवलं. त्याचा कॅमेरा, पाण्याच्या बाटल्या, अम्मींनी दिलेला डबा. तो सहजच म्हणाला, "एवढं घेऊन चढणं कठीण आहे. पिशव्यांपाशी कुणीतरी थांबायला हवं."

मला तो कर्नाळ्याचा दगड आठवला. नसीमला हे सगळं माहीत होतं, ती काही बोलायला गेली, पण मीच आधी बोलले.

"थांबायचं कशाला? पिशव्या माझ्या पाठीवर दे."

वाट झाडीतून आहे, मळलेली, पण मध्ये मध्ये दगड निसटतात. बूट चांगले हवेत, आणि पाणी प्रत्येकी दोन लिटर, कारण वरचं टाक्यातलं पाणी पिण्यासारखं नाही. आम्हाला तासाहून थोडं जास्त लागलं. मी चार वेळा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती, आणि सलीमने पिशवीला हात घातला. मी त्याच्या हातावर चापट मारली. घड्याळ पाहायचं नाही असं ठरवलं होतं. शंभर पावलं स्वतः मोजायची, श्वास घ्यायचा, पुन्हा शंभर.

आणि मग चढ संपला. पडक्या भिंतीपलीकडे एकदम समुद्र! खाली करंजा बंदरातली होडकी, लांबवर मोठी जहाजं, खाडीपलीकडे धुक्यात मुंबई. मी पाठीवरच्या पिशव्या उतरवल्या आणि मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. नसीमने मला मिठी मारली आणि सलीमने फोटो काढला, ज्यात माझे केस भुतासारखे दिसतात. तो मी मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. घड्याळात तीन हजार एकशे सत्तर पावलं होती, सगळीच्या सगळी पायांची. अम्मींचा डबा उघडला. त्यात भाकरी होती, अर्थातच.

परतीला सायकलचं बटण आठवणीने दाबलं. उड्डाणपुलांनी जीव काढला, पण फोन केला नाही. पाचला दारात पोचले तेव्हा संदीप गाडीची किल्ली हातात घेऊन बसला होता, बिचारा.

त्यानंतर घड्याळ स्वयंपाकघरात शिरत नाही. मिठाच्या बरणीवर बसतं. सुरुवातीला पावलांचा आकडा पाहून वाईट वाटायचं, मग कमी पडलेली पावलं भरून काढायला रात्री जेवणानंतर खाली उतरायला लागले. तुपाची ती जादा भाकरी आपोआप बंद झाली. दोन महिन्यांत तीन किलो उतरले. तुमचंही घड्याळ फार कौतुक करत असेल, तर एकदा ते कुठल्या हाताला आहे आणि तो हात दिवसभर काय करतो ते पाहा.

मागच्या रविवारी आम्ही पुन्हा कर्नाळ्याला गेलो. जुई पुढे पळाली. पिशव्या माझ्या पाठीवर होत्या. त्याच वळणावर, त्याच दगडाशी संदीप थांबला, कमरेवर हात ठेवून, लालबुंद. "तू हो पुढे," तो धापा टाकत म्हणाला, "मी बसतो जरा इथे."

वर्षभर मी ज्या वाक्याची वाट पाहत होते ते अगदी जिभेवर आलं: "तू बस इथेच. पिशव्या सांभाळ." त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याने मुकाट्याने हात पुढे केला.

मी पिशव्या दिल्या नाहीत. त्याच्या शेजारी त्याच दगडावर बसले. माकडही आलं, बहुधा तेच. थोड्या वेळाने मनगट थरथरलं. बराच वेळ बसलात, उठा, असं घड्याळ म्हणत होतं. मी ते संदीपला दाखवलं, आणि आम्ही दोघं उठून वर गेलो.