दाबून धरायचं

टॅक्सी स्टँडवर त्यांना सगळे लोणीशेठ म्हणत, कारण त्यांची गाडी थांबली तरी आत बसलेल्याला पत्ता लागत नसे. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा; चाकं जाम होऊ द्यायची नाहीत. जन्मभर त्या पायावर घर चाललं होतं. शेठना त्याची घमेंड होती आणि ती काही पोकळ नव्हती.

घात केला तो नव्या गाडीने. जोरात ब्रेक मारला की पेडल पायाखाली थरथरायचं. शेठना वाटायचं, ब्रेक गेला. ते झटकन पाय उचलायचे.

मेव्हण्याचं गॅरेज होतं. त्याने चाकांजवळचे सेन्सर साफ केले, ब्रेक ऑइल बदललं आणि वर समजावलं, "दाजी, बिघाड नाहीये हो. तुम्ही पायाने करता तेच गाडी स्वतः करते, तुमच्याहून भराभर. आपण फक्त दाबून धरायचं. चाक जाम होत नाही, गाडी वळवता येते."

"म्हणजे मी नुसता बसून राहू? काढून टाक ते."

"घसरताना गाडी सावरते, तेही बंद पडेल."

"मला शिकवू नकोस."

बहिणीच्या नवऱ्यापुढे मेव्हणा किती ताणणार? त्याने फ्यूज काढला. डॅशबोर्डवर पिवळे दिवे लागले ते लागलेच. "दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी देऊ नका," एवढं मात्र त्याने बजावलं. शेठनी मान डोलावली. पेडल गप्प झालं, शेठ खूश.

त्यांची लेक नुकतीच ड्रायव्हिंग क्लासमध्ये गाडी शिकली होती. एका पावसाळी दुपारी आई तापाने फणफणली, शेठना डुलकी लागली होती, म्हणून औषध आणायला तिनेच किल्ली उचलली. शेठ जागे झाले तेव्हा ती निघून गेली होती. त्यांनी तिला फोन लावला. फोन नुसता वाजत राहिला.

"येईल हो, जपून चालवते ती," बायको म्हणाली. शेठ अनवाणीच बाहेर पडले.

उतार संपतो तिथल्या वळणावर गाडी सरळ भिंतीत घुसली होती. लेकीला लोकांनी फुटपाथवर आणून ठेवलं होतं. तिचा एक पाय बघवत नव्हता. शेठ तिच्याजवळ खाली बसले.

"बाबा, कुत्रं आडवं आलं," ती म्हणाली. "पण मी घाबरले नाही. क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं तसंच केलं. ब्रेक दाबून धरला, पाय अजिबात उचलला नाही. माझं काय चुकलं?"

"काही नाही," शेठ कसेबसे म्हणाले. "तुझं काहीच चुकलं नाही, बाळा."

"मग गाडी वळली का नाही?"