खरकटा हात

शिसारी म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. नेरळच्या अंगणवाडीत जन्म काढलाय मी. शेंबूड, ओकलेली खिचडी, काय काय म्हणून या हातांनी पुसलं नाही, आणि तेच हात धुऊन दुपारी निवांत जेवले. पण कंबोडियातल्या त्या झगमगत्या हॉलमध्ये आपलीच माणसं जेवताना बघून जी शिसारी आली, ती अजून जात नाही. तरी मी सांगायला बसलेय ते माझ्या वहिनीचं, सोनुबाईचं. मध्ये मध्ये माझी जीभ सुटेल, तेवढं ऐकून घ्या.

वहिनी खालापूरकडची. लग्न होऊन आमच्या गावी आली, भिवपुरी स्टेशनापासून जरा आत, तेव्हा मी फ्रॉक घालत होते. माझा भाऊ सखा वीजघरात कामाला, आणि भाताची सगळी शेती हिच्या अंगावर. बोलणं इतकं कमी की आमच्या आईला वाटलं, मुकीच आणली की काय. मग गौरी आल्या. गौरीच्या रात्री आमच्याकडे बायका अंगणात फेर धरतात, एकजण गाणं सांगते आणि बाकीच्या झेलतात. त्या रात्री नव्या नवरीनं तोंड उघडलं आणि आळी गप्प झाली. माहेराहून तिनं भांडी कमी आणि गाणी जास्त आणली होती. तेव्हापासून आमच्या आळीत गाणं तीच सांगते. आता तिची सून भाविका तिच्या मागं उभी राहते. भाविकाचा गळा गोड आहे, वहिनीनंतर तीच सांगणार हे सगळ्यांना ठाऊक आहे.

वहिनीचा एकच नेम. फेर चालू असताना समोर कुणी खायचं नाही. फेर संपला की आधी फेरातल्या बायकांची पानं मांडायची, मग घरच्यांची. आणि खरकट्या हातानं ना गौरीला शिवायचं, ना फेरातल्या बाईला. एका वर्षी गावातला एक बडा माणूस पुढं खुर्ची टाकून वडे मोडत बसला होता. वहिनीनं गाणं ओळीच्या मध्येच सोडलं. फेर जागच्या जागी थांबला. तो मेला आपला चावतोय, वर बघतो तर सगळं अंगण त्याच्याकडे बघतंय. उठला, हात धुऊन आला, तेव्हा वहिनीनं ओळ जिथं सोडली होती तिथूनच उचलली. वर एक अक्षर बोलली नाही. मी असते तर त्याचा उद्धार केला असता.

आता तिचा मुलगा, हर्षद. एकुलता एक, लाडका, वाईट नाही हो पोरगा, पण त्याला दर वर्षी नवीन खूळ लागतं. सखा गेल्यावर त्यानं नदीकडच्या शेतात रिसॉर्ट काढलं. तलाव निळा, खोल्या गुलाबी, नाव इंग्रजी. मुंबईचे लोक शनिवारी येतात, रात्रभर तंगड्या भाजतात आणि सकाळी डोकं धरून जातात. तिथं यानं मोठ्ठं स्टेज बांधलं आणि त्याच्या डोक्यात आलं की दर शनिवारी जेवणाबरोबर आपल्या आळीतल्या बायकांचा गौरीचा फेर ठेवायचा. बायका म्हणाल्या, सोनुबाई आली तर आम्ही येऊ, ती नसेल तर नाही. म्हणजे सगळं अडलं ते वहिनीच्या होकारावर. हर्षद रोज विचारायचा. वहिनी म्हणायची, बघू. तिला मुलाचं मन मोडायचं नव्हतं, आणि फेरही मोडायचा नव्हता.

मग त्यानं काढली कंबोडियाची टूर. म्हणाला, तिथं राजवाड्यातला जुना नाच जेवणाबरोबर दाखवतात, जगातून लोक येतात, आई, तू एकदा डोळ्यांनी बघ आणि मग सांग. भाविकाला रिसॉर्ट सांभाळायला मागं ठेवलं आणि वहिनीला सोबत म्हणून माझी वर्णी लागली. मी कशाला नाही म्हणतेय? विमानात खिडकी मिळाली मला.

देवळं बघितली. दगडी भिंतींवर नाचणाऱ्या बायका कोरलेल्या, किती म्हणून बघाल. सगळे पुढं गेले तरी वहिनी एकीसमोर उभीच. त्या दगडातल्या बाईची बोटं मागं वळलेली होती, ती बघून हिनं हळूच आपली बोटं मागं वळवून बघितली. भाताची लावणी करून करून जाडी झालेली बोटं ती, कुठली वळतायत. माझ्याकडे बघून हसली. त्या टूरमध्ये ती हसली ते तेवढंच.

संध्याकाळी तो हॉल. लांबच लांब टेबलं, एका बाजूला स्टेज, दुसऱ्या बाजूला जेवणाची रांग. नाच सुरू व्हायच्या आधीच आमच्या टूरमधल्या लोकांची झुंबड. आमच्या टेबलावर मोहोपाड्याचा एक कंत्राटदार होता, मालोजी नावाचा. त्यानं एकाच ताटात भात, कोळंबी, नूडल्स, कलिंगड आणि त्यावर पुडिंग घेतलं. पुडिंग कोळंबीवर ओघळत होतं. बायको म्हणाली, अहो, परत घेता येतं. तो म्हणाला, संपलं तर? आमचा हर्षदही काही कमी नव्हता. कोळंबीचा डोंगर रचून आणला आणि पाची बोटं लाल करून बसला. मीही बसले होते जेवायला, खोटं कशाला बोलू. नारळाच्या दुधात केळीच्या पानात वाफवलेला मासा होता, झकास होता. वहिनीनं ताट आणलं, पुढ्यात ठेवलं, आणि हात मांडीवर.

वाद्यं वाजायला लागली. आपल्या सनईसारखं काहीतरी, लाकडी पट्ट्यांवर टिपऱ्या मारून वाजवायचं एक, आणि ढोल. पोरी आल्या. अनवाणी, डोक्यावर सोनेरी मुकुट, हातात फुलांचे वाडगे. पाऊल असं टाकत होत्या की जमिनीला विचारून टाकतायत. टूरचा मॅनेजर देवेश आम्हाला समजावत होता. हा आशीर्वादाचा नाच आहे म्हणाला. यांच्याकडं युद्ध झालं, नाच शिकवणारी बहुतेक माणसं त्यात मेली, ज्या थोड्या म्हाताऱ्या वाचल्या त्यांनी आठवून आठवून पुन्हा पोरींना शिकवला. वहिनीनं ते ऐकलं आणि देवेशकडं वळून बघितलं. मालोजीनंही ऐकलं असावं, कारण त्यानं लगेच विचारलं, कोळंबी किती वाजेपर्यंत चालू आहे.

पोरींनी शेवटी हात जोडले आणि फुलांच्या पाकळ्या आमच्या अंगावर उधळल्या. आशीर्वाद म्हणून हं. त्या पाकळ्या पडल्या ताटांत. आणि ही आपली माणसं, शी! मालोजीनं पुडिंगमधली पाकळी दोन बोटांनी उचलली, चाटली, आणि टेबलावर फेकली. दुसरा एकजण वेटरला ताट बदलून मागायला लागला, म्हणे अन्नात कचरा पडला. केळीच्या पानातला तो मासा माझ्या घशाशी आला. मी ताट सरकवून दिलं.

पुढं करवंट्यांचा नाच झाला, मग मासे पकडायच्या टोपल्या घेऊन पोरं-पोरी नाचली. अगदी आपल्या खाचरात लावतात तसल्या टोपल्या. वहिनी पुढं सरकून बसली. आणि आमच्याकडं काय चाललं होतं? एक व्हिडिओ कॉलवर नातवाला स्टेज दाखवतोय आणि आवाज हॉलभर. एक दात कोरतोय. मालोजीनं असा ढेकर दिला की स्टेजवरच्या एका पोरीनं डोळे हलवले. कोळंबीच्या टरफलांचा ढीग पांढऱ्या चादरीवर. नाच संपला की टाळ्या वाजवायच्या तर सगळ्यांचे हात बरबटलेले, म्हणून यांनी ताटांवर चमचे बडवले. त्या पोरी चमच्यांच्या खणखणाटाला वाकून नमस्कार करत होत्या. एकट्या वहिनीचे हात कोरडे होते. तिनं ते जोडले.

शेवटी फोटो. पाहुण्यांनी स्टेजवर यायचं आणि नाचणाऱ्या पोरींबरोबर उभं राहायचं. हर्षद पहिला पळाला. मधल्या मुकुटवाल्या पोरीच्या शेजारी उभा राहिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात. पुसायचीसुद्धा शुद्ध नव्हती मेल्याला. फोटो झाला, तो मोबाईल बघत बाजूला झाला, आणि पोरीच्या उघड्या खांद्यावर पाची बोटं लाल उमटलेली. पोरगी हसतच होती, तिला हसायचीच शिकवण. फक्त खांदा तेवढा आत ओढून घेतला तिनं.

वहिनी उठली. मला वाटलं, संडासला चालली. ती गेली सरळ स्टेजवर, रांग मोडून. बाटलीतल्या पाण्यानं पदराचं टोक भिजवलं आणि पोरीचा खांदा पुसला, आपल्या लेकीचा पुसावा तसा, मानेपर्यंत, हळूहळू. मागं लोक ओरडायला लागले, ओ मावशी, लाईन आहे. पोरीनं हात जोडून मान खाली घातली. वहिनीनंही जोडले. मुलाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

आणि त्याला काही कळलं असेल तर शपथ. बसमध्ये म्हणतो कसा, आई, तू पण स्टेजवर गेलीस ना, मी बघितलं, आवडलं ना तुला? वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानं ते हो समजलं. भाविकाला तिथूनच फोन लावला, आई तयार झाली म्हणून. मी तोंड उघडणार होते, तर वहिनीनं माझं मनगट दाबलं. रात्री खोलीत आम्ही दोघींनी घरून नेलेल्या तांदळाच्या भाकऱ्या ठेच्याशी खाल्ल्या. वाळून कडकडीत झाल्या होत्या.

गावी आल्यावर हर्षदनं आळीतल्या सगळ्या बायका पडवीत बोलावल्या. भजी मागवली होती, चटणी, कोल्ड्रिंक. मोठ्या टीव्हीवर तो कंबोडियाचा व्हिडिओ लावला. बायका बघत राहिल्या, पोरींची बोटं बघून चुकचुकल्या, आणि खरं सांगते, बऱ्याचजणींच्या डोळ्यांत हौस दिसली. का नसावी? जन्मभर अंगणात नाचल्या बिचाऱ्या, कुणी कधी बघायला आलंय लांबून? हर्षद भजी खात खात सांगत होता. सगळ्यांना एकसारखी नऊवारी. पाहुणे खाली टेबलांवर जेवतील, वर फेर. शेवटी पाहुण्यांबरोबर फोटो, कारण लोक फोटोसाठीच येतात. मला वाटलं, वहिनी गप्प राहिली तर हे होणार.

वहिनीनं घसा साफ केला.

"करूया," ती म्हणाली. "पन माज्या गुडघ्यांनी आता होनार नाय. गानं भाविका सांगंल. पुढं तीच उभी राहंल."

हर्षद खूश. म्हणाला, चालेल की, घरातलीच आहे, उलट बरं. दाराशी उभी राहून भाविका लाजली.

"आन मागनं फोटोला पन मधी तीच," वहिनी म्हणाली. "त्या मुकुटवाल्या पोरीच्या जागी."

टीव्हीवर नेमकं तेच चाललं होतं, हर्षद आणि त्या पोरीच्या खांद्यावरचा त्याचा हात. हर्षदनं एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा बायकोकडं. हातातलं भजं तसंच राहिलं.

"आई, फोटोला ती नको," तो म्हणाला. "पाहुने पिलेले असतात. फोटोला बाकीच्या उभ्या राहतील. भाविका घरची हाय."

पडवीत सगळ्या बाकीच्याच बसल्या होत्या. कुणाची लेक, कुणाची सून, कुणाची विधवा जाऊ.

"आन या कुनाच्या घरच्या हायत रं?" वहिनीनं विचारलं.

शेजारची रुपाची आई आधी उठली, बशी तशीच ठेवून. मग एकेक करत सगळ्या उठल्या. भांडण नाही, आवाज नाही, चपला शोधल्या आणि गेल्या. भजी तशीच गार झाली. हर्षद म्हणत होता, अगं काकी, तसं नाय, तुमी समजून घ्या, तसं नाय. पण मग कसं, ते त्याला सांगता येईना. मला त्याची कीवही आली आणि शिसारीही, आणि दोन्हींत शिसारी मोठी होती.

वहिनी आत देवापाशी जाऊन बसली. मुलाचं मन तिनं मोडलं होतं, चारचौघांत, आणि ते तिलाही सोपं गेलं नव्हतं, डोळे सांगत होते.

भाविका बशा गोळा करायला लागली. हर्षद तिच्याजवळ गेला, पडेल आवाजात म्हणाला, तू तरी समज गं, तुझ्यासाठीच तर बोललो ना मी. आणि समजूत काढायला तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला. बोटांना भज्यांचं तेल होतं, चटणी होती.

भाविका एक पाऊल मागं सरकली.

"आदी हात धुवून या," ती म्हणाली.

तो तसाच हात वर धरून उभा राहिला. मी माझ्या चपला घातल्या आणि घरी जायला नेरळची रिक्षा बघायला बाहेर पडले.