कुत्रं गप्प करायचा उपाय

सुप्यात मी जनावरांच्या औषधांच्या दुकानात काम करते. कारखान्यांमुळं आजूबाजूला नव्या वसाहती उठल्या आणि गाई-म्हशींच्या औषधांबरोबर आता कुत्र्यांची बिस्किटं, पट्टे, शाम्पू असलं सगळं आम्ही ठेवायला लागलो. हौसेनं कुत्रं आणणारी माणसं थोड्याच दिवसांत परत येतात आणि विचारतात, "ताई, भुकायचं बंद व्हायची गोळी हाय का?" मी विचारते, कुत्रं असतं कुठं? "बाहेर बांधल्यालं असतं की." आणि आत कधी? "आत कशाला? घाण करतंय." असं बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघितलं की मला शिसारी येते. मुक्या जिवाला दिवसभर गेटाला जखडून ठेवायचं, त्याच्याकडं ढुंकूनही बघायचं नाही आणि वर त्यानं तोंड मिटून बसावं अशी अपेक्षा करायची. अशा गिऱ्हाइकाला गोळी मिळत नाही असं सांगून मी वाटेला लावते. मालक चिडतो. चिडू दे.

ती माणसं निदान परकी असतात. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचा फोन आला आणि त्यानंही तेच विचारलं.

माझं माहेर श्रीगोंदा तालुक्यात, उसाच्या रानातल्या वस्तीवर. जुनं घर पत्र्याचं होतं, जमीन शेणानं सारवलेली. तिथं दाराच्या आतल्या बाजूला आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची खाट असायची आणि खाटेखाली कुत्रं. साधं गावरान, तांबूस रंगाचं, एक कान फाटलेलं. आई गेल्यावर घरात आण्णांशी दिवसभर बोलणारं कुणी उरलं नाही, तेव्हा ते या कुत्र्याशी बोलायचे. पाटाचं पाणी धरायला निघाले की ते पुढं, परत आले की ते मागं. मला त्या घरात कुत्रं भुंकलेलं फारसं आठवतच नाही. अनोळखी माणूस आला की दोनदा आवाज द्यायचं, आण्णांनी "बास" म्हटलं की परत खाटेखाली.

मग दादानं बंगला बांधला. वास्तुशांतीला मी गेले होते. पांढरीशुभ्र फरशी, काळ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचा चकचकीत कठडा, भोवती भिंत आणि मोठं लोखंडी गेट. वहिनी हातात फडकं घेऊनच पाहुण्यांचं स्वागत करत होती. येणाऱ्याच्या पायांकडं ती आधी बघायची, तोंडाकडं नंतर. त्या दिवशी कुत्रं सवयीनं आण्णांच्या मागं आत शिरलं, तर "हाड, हाड" करत चार जण असे धावले की जणू घरात साप निघाला. संध्याकाळपर्यंत ते गेटाजवळच्या खांबाला साखळीनं बांधलेलं होतं. तिथंच राहिलं. भुंकायला लागलं ते त्या दिवसापासून.

दूधवाला आला की भुंकायचं, शाळेची गाडी गेली की भुंकायचं, कुणीच नसलं तरी भुंकायचं. घसा बसला तरी थांबायचं नाही. त्याला गप्प करायला माझ्या माहेरच्या शिकल्यासवरल्या माणसांनी काय काय केलं! वहिनी बादलीनं अंगावर पाणी फेकायची. दादानं एकदा तोंडाला सुतळी बांधली. मग कुणाच्या तरी सल्ल्यानं वासराचं मुसकं आणून त्याच्या तोंडावर चढवलं. वासरानं पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधतात ती जाळी. ती कुत्र्याला सैल पडली, म्हणून दोरीनं आवळली. ऐन उन्हाळ्यात, जीभ बाहेर काढल्याशिवाय ज्याला थंडावा मिळत नाही अशा जनावराचं तोंड या लोकांनी बांधून ठेवलं. आण्णांनी चोरून दोरी कापली, म्हणून ते वाचलं. त्यानंतर दादाचा मला फोन.

"ताये, तुझ्या दुकानात गुंगीची गोळी आसंल ना? बंगला बगाया मानसं येत्यात, कुत्रं बोलू देत न्हाई. न्हाई तर टेम्पोत घालून घाटाच्या पलीकडं सोडून येनार हाय मी."

हे नुसतं बोलणं नाही, हे मला माहीत होतं. आमच्याकडं नको झालेलं कुत्रं असंच सोडतात. पोत्यात घालायचं, लांब न्यायचं, एखाद्या ढाब्याजवळ उतरवायचं आणि घरी येऊन हात धुवायचे. मी दुकानातून सुट्टी घेतली आणि वस्तीवर गेले.

गेटापाशी कुत्र्यानं मला ओळखलं आणि भुंकता भुंकताच शेपूट हलवली. आण्णा मागच्या खोलीत होते. खोली चांगली होती, खोटं कशाला बोलू. पलंग, पंखा, शेजारीच संडास-बाथरूम. पण खिडकी उघडली की समोर शौचालयाची टाकी आणि भिंत. आण्णा पलंगाच्या कडेला बसले होते, पाय फरशीला लागू नयेत असे थोडे वर धरून.

"पाय का वर धरलेत?"

"आत्ताच पुसलीय," ते म्हणाले.

बाहेरून भुंकणं ऐकू येत होतं. आण्णांनी मान वळवली. "मला हाका मारतंय त्ये. म्या जातो, पर बाहीरनं येताना पाय उठत्यात. मग सूनबाईला परत पुसावं लागतं."

आण्णा तंबाखू खातात, डब्यात थुंकतात, चालताना धोतराला माती लागते. यात कौतुक करण्यासारखं काही नाही आणि मी ते करणारही नाही. पण ज्या रानाच्या जिवावर ती फरशी आली, त्या रानाची मातीच घरात नकोशी व्हावी?

मी दादाला सरळ सांगितलं, "गोळी नाही आणि मिळणारही नाही. त्याला आण्णा दिसू देत, म्हणजे भुंकणार नाही. दिवसातून थोडा वेळ त्याला आण्णांजवळ बसू द्या, संध्याकाळी साखळी सोडा. एवढंच करा."

दादानं मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला तो खुशीत. "ताये, तुजा उपाय लई झ्याक! कुत्रं एकदम गप. समदी इचारत्यात, काय केलं म्हनून."

मलाही बरं वाटलं. साखर कारखाने सुरू झाले होते, रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. रविवारी त्यांच्या मागं मागं स्कुटी हाकत मी वस्तीवर पोचले. गेटाजवळचा खांब मोकळा. अंगणात शांतता. वहिनीनं चहा दिला. मी आण्णांना भेटायला मागच्या खोलीत गेले, तर तिथं नवी गादी, तीही प्लॅस्टिकच्या कव्हरात. खोलीला उदबत्तीचा वास.

"पाहुण्यांची खोली केली ताई," वहिनी म्हणाली. "आण्णा शेडात हायेत. त्यांनाच तिथं करमतंय."

शेड म्हणजे भिंतीच्या बाहेर, उसाच्या कडेला, जिथं मोटरीचा स्टार्टर आणि खताची पोती ठेवतात. तीन बाजूंनी पत्रा, चौथी बाजू उघडी. तिथं आण्णांची जुनी खाट, खाटेवर गोधडी, खिळ्याला अडकवलेला पितळी पेला. खाली कुत्रं मान टाकून पडलेलं. मला बघून त्यानं शेपूट आपटली, पण आवाज काढला नाही. खताचा वास नाकात बसत होता. पायाखाली सांडपाण्याचा चिखल होता.

तेवढ्यात वहिनी जेवण घेऊन आली. एका हातात आण्णांचं ताट, दुसऱ्या हातात कुत्र्याच्या शिळ्या भाकरी. एकाच फेरीत दोन्ही कामं. एक खाटेवर ठेवलं, दुसरं खाली टाकलं आणि पदरानं नाक झाकून ती निघून गेली.

दादाला मी अंगणातच गाठलं. "मी सांगितलं काय आणि तू केलंस काय? कुत्र्याला आण्णांजवळ आण म्हटलं, आण्णांना कुत्र्याजवळ नेऊन टाक नाही म्हटलं."

"वरडू नकू. दोगंबी खूस हायेत. इचार त्यांनाच."

"वस्तीवर बिबट्या फिरतोय. बाहेर झोपू नका म्हणून वनखात्याची गाडी भोंग्यावर ओरडत गेली ना परवा?"

"कुत्रं हाय की जवळ," दादा म्हणाला. म्हणजे बिबट्या आलाच तर आधी कुत्रं नेईल, असा त्याचा हिशेब होता. हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की मला त्याच्याकडं बघवेना. लहानपणी याच माणसाच्या ताटात मी जेवले होते, याचीही त्या वेळी किळस आली.

मी परत शेडात गेले. "आण्णा, खरं सांगा. तुम्हाला इथं राहायचंय?"

आण्णांनी ताटातली भाकरी कुस्करली. "म्या आत गेलो तर ह्ये परत वरडंल," ते म्हणाले. "मग टेम्पोत घालतील त्येला. हितं हाय ते बरं हाय. थंडी वाजती जरा."

म्हणजे दादाची धमकी आण्णांनी ऐकली होती. एका जनावराला घर सुटू नये म्हणून हा माणूस स्वतःचं घर सोडून बसला होता. आणि घरातली माणसं पाहुण्यांना सांगत होती की म्हाताऱ्याला मोकळी हवा आवडते.

"उठा," मी म्हणाले. "दोघंही उठा."

ते नको नको म्हणत होते, तरी मी गोधडी काखेत मारली, त्यांचा हात धरला आणि बंगल्याकडं चालायला लागले. कुत्रं मागून आलं. ग्रॅनाइटच्या पायऱ्यांपाशी आण्णा थांबले. खांद्यावरचा टॉवेल काढून खाली वाकले आणि कुत्र्याचे पाय पुसायला लागले. एक एक पाय उचलून, बोटांमधला चिखलसुद्धा. कुत्रं निमूट उभं. मग त्याच टॉवेलानं त्यांनी आपले तळवे पुसले. ज्या माणसानं या वस्तीवर पहिली विहीर खोदली, तो आपल्याच दारात परक्या गड्यासारखा पाय पुसत होता. दादा आणि वहिनी दारात उभे राहून बघत होते, आणि दोघांपैकी एकालाही लाज वाटली नाही.

"ताई," वहिनी हळूच म्हणाली, "मागच्या दारानं घ्या ना. हॉल आत्ताच पुसलाय."

मी काही बोलायच्या आत आण्णा वळलेसुद्धा. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि भिंतीच्या कडेकडेनं मागच्या दाराकडं निघाले. कुत्रं त्यांच्या मागं गेलं, मुकाट्यानं.

माझ्या पायात चपला होत्या. शेडातल्या चिखलानं त्या भरल्या होत्या. मी त्या काढल्या नाहीत. तशीच पायऱ्या चढले आणि दादा-वहिनीच्या मधून आत शिरले. त्या पांढऱ्या फरशीवरून, हॉलमधून, पाहुण्यांच्या खोलीतून मी चालत गेले. वहिनी मागून काहीतरी ओरडत होती. गोधडी त्या नव्या गादीवर टाकली आणि मागच्या दाराची कडी काढली. आण्णा आणि कुत्रं बाहेर थांबले होते, आणि ते दार आतूनच उघडत होतं.